जीनची दुनळी

बाबांनी आयुष्यात दोन बंदुका घालवल्या, आणि दोन्ही नुसत्या तोंडाने घालवल्या. पहिली फोनवर, दुसरी घराच्या दारात. घरात कोळी निघाला तर त्याला कागदावर घेऊन अंगणात सोडणारा हा माणूस. त्याने बंदुकांसाठी एवढं झुरावं याची आई कायम चेष्टा करायची, आणि तिच्या जोडीला मीही असायचे. आता मी बाबांच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे. अमेरिकेत कॅरी नावाच्या गावी राहते, रोज सकाळी औषधांच्या कंपनीत ड्राइव्ह करत जाते आणि वाटेत एक बंदुकांचं दुकान लागतं. इतकी वर्षं त्या पाटीकडे माझं लक्षही जात नव्हतं. गेल्या हिवाळ्यात आईबाबांचे शेजारी जीन गेले, तेव्हापासून रोज जातं.

पहिली बंदूक माझ्या आजोबांची. कराडजवळच्या आमच्या गावी ती त्यांच्या कॉटखाली, जुन्या गोधडीत गुंडाळलेली असायची. उसात रानडुकरं शिरली की आजोबा हवेत एक बार काढायचे, आणि त्यानंतर महिनाभर गावात त्याच बाराची चर्चा चालायची. बाबांना मात्र ती वर्षातून एकदाच हात लावायला मिळे, खंडेनवमीला. नवरात्राच्या त्या नवव्या दिवशी कोयते, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं आणि मध्ये ती दुनळी. तिला तेल लावायचा मान बाबांचा. एवढ्या एका दिवसाच्या जोरावर ते वर्षभर मिरवत असत, असं माझी आजी सांगायची. आजोबा गेले तेव्हा आम्ही अमेरिकेत येऊन जेमतेम स्थिरावत होतो. चुलतकाकांचा फोन आला, “लायसन्स तुझ्या नावावर करायचं तर तुला यावं लागंल. नाहीतर ठाण्यात जमा करायची, नाहीतर विकायची. सांग पटकन, लाइन जाईल.” बाबांच्या व्हिसाची मुदत वाढायची होती. बाहेर गेलं तर परत येऊ देतील की नाही याची खात्री नव्हती. ते म्हणाले, “विकून टाक.” फोन ठेवला, आणि मग उभ्या उभ्याच किचनच्या ओट्याला टेकून बराच वेळ राहिले. मी समोर बसून सीरियल खात होते. मला वाटलं, त्यांना चक्कर आली.

ईडन प्रेरी या उत्तरेकडच्या थंड गावातलं आमचं भाड्याचं घर म्हणजे आवाजांचं घर होतं. तळघरातली फर्नेस सुरू झाली की आधी एक उसासा आणि मग धडधड. ऑक्टोबर लागला की डोक्यावरून कॅनडाच्या बदकांचे थवे भांडत भांडत दक्षिणेकडे जायचे. आणि या सगळ्यांवर कडी करणारा आमचा स्मोक अलार्म. आई नागपूरची. तिच्या फोडणीत मिरची पडली की तो बोंब मारायचा. आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात आई ठेचा कुटण्याआधी मिरच्या भाजत होती, अलार्म कोकलायला लागला आणि शेजारचा उंच म्हातारा हातात लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं घेऊन थेट आमच्या किचनमध्ये शिरला. हेच जीन. दूध काढायची यंत्रं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं, बायको वारलेली, मुलगा दूर दुसऱ्या राज्यात. आग नाही, मिरच्या आहेत हे कळल्यावर त्यांनी ठेचा होईपर्यंत थांबून तो बोटाच्या टोकावर घेऊन चाखला, “उफ डा,” असं तिकडचं ‘बाप रे’ म्हणाले आणि डोळे पुसत घरी गेले. त्यानंतर कितीही वेळा अलार्म वाजला तरी ते नळकांडं घेऊन यायचेच. आई म्हणायची, “बापा, यांना सांगा ना कोणी, भाजी करून राहिली मी!” पण मनातून तिला ते आवडायचं.

नवरात्रात आई घटावर टांगायला कडाकण्या करायची. ही बाबांकडची पद्धत, आजीकडून फोनवर शिकलेली. गोड, पापडासारख्या पातळ पुऱ्या, तळल्या की कडक होणाऱ्या. खंडेनवमीला त्यातलं एक ताट जीनकडे जायचं आणि ते पोचवायचं काम माझं. ताट रिकामं परत द्यायचं नाही हे त्यांना आमच्यापैकी कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या आईनेच शिकवलं असणार. त्यात ते झेंडूची फुलं भरून द्यायचे. सशांनी टोमॅटो खाऊ नयेत म्हणून त्यांनी वाफ्याभोवती झेंडू लावलेला असायचा, थंडी पडायच्या आत सगळा तोडावा लागायचा, तो आमच्या देवाला यायचा. मग दरवर्षी सप्टेंबर आला की कुंपणापलीकडून प्रश्न सुरू. “तुमचा तो कुरकुरीत दिवस या वर्षी कधी आहे?” आमचे सण चंद्रावर चालतात हे त्यांना माहीत होतं, पण चंद्रावरून हिशेब करणं त्यांना जमत नसे. आई त्यांना तारीख सांगायची आणि आत येऊन हसायची. “कडाकण्यांसाठी जीव टाकून राहिले बिचारे.”

एकदा बाबा त्यांच्या तळघरात हीटरचं काहीतरी बघायला गेले आणि तिथे भिंतीवर दोन लाकडी खुंट्यांवर एक दुनळी दिसली. जीनच्या वडिलांची. बाबांनी त्यांना कराडची गोष्ट सांगितली. बाबा असं कुणाला काही सांगत नसत, त्यामुळे ती कशी सांगितली असेल कोण जाणे. दोन-तीन आठवड्यांनी जीन चौकड्यांच्या ब्लँकेटमध्ये काहीतरी गुंडाळून आले. आपला खांदा आता ही सोसत नाही, मुलाला शिकारीची आवड नाही, खुंटीवर लटकून तिचा काय उपयोग, असं म्हणून त्यांनी ती बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती दोन्ही तळहातांवर आडवी घेतली. आईने जीनसमोर चहा ठेवला, हसून थँक्यू म्हणाली, आणि दार लागल्यावर जी सुरू झाली ती जेवणं होईपर्यंत. “घरात वयात येणारी पोर आहे, अन् तुम्ही बंदूक आणून राहिले? डोकं ठिकाणावर आहे का हो?” बाबांनी देवासमोर हात जोडून सांगितलं की या घरात एकही काडतूस येणार नाही. तो शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला. बंदूक कपाटात, कपाटाला कुलूप आणि चावी आईच्या पोळपाटामागे.

पण खरी भानगड काडतुसांची नव्हती. या देशाचा कायदा असा मजेशीर की व्हिसावर राहणाऱ्याने बंदूक जवळ ठेवणं हा मोठा गुन्हा, मात्र त्याच्याकडे शिकारीचं चालू लायसन्स असेल तर गुन्हा नाही. व्हिसाचे सगळे कायदे आईला तोंडपाठ. हे तिनेच शोधून काढलं आणि बाबांना जीनबरोबर पिटाळलं. तळ्याकाठच्या गळ आणि गांडुळं विकणाऱ्या दुकानात ते लायसन्स मिळायचं. मग दर हिवाळ्याआधी एखाद्या रविवारी बाबा डोक्यावर नारिंगी टोपी घालून जीनबरोबर गवतात हिंडून येत, रिकामी बंदूक हातात घेऊन. एकही रानकोंबडा कधी मेला नाही. परत आले की मात्र असे जेवायचे की जणू वाघ मारून आलेत.

ते लायसन्स दर फेब्रुवारीअखेर संपायचं. ज्या वर्षाबद्दल मी सांगते आहे त्या वर्षी बाबांच्या ऑफिसात माणसं कमी करत होते आणि आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज आत गेलेला होता. घरात आम्ही सगळे चवड्यांवर चालत होतो. साधी स्पीडिंगची पावती मिळाली तरी अर्जावर परिणाम होईल, असं मराठी मंडळात कुणीतरी आईला सांगितलेलं, त्यामुळे बाबा हायवेवरही बैलगाडीसारखे जायचे. या धास्तीत मार्च आला आणि गेला. लायसन्स नव्याने काढायचं राहून गेलं.

खंडेनवमीच्या दिवशी बाबा अर्धा दिवस सुट्टी घेऊन आले. मी शाळेतून आले तेव्हा पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीसमोर, पूजा मांडून झाली होती. नागपूरहून आणलेली विळी, बाबांचा लॅपटॉप, बर्फ उपसायचं फावडं, पान्ह्यांचा संच, माझा गणिताचा कॅल्क्युलेटर आणि मध्ये पाटावर ती दुनळी, जीनने सकाळीच दिलेल्या झेंडूची माळ घातलेली. बाबा पितांबर नेसून, अंगावर शाल घेऊन बसले होते. दप्तर टाकतानाच मला कळलं की घरात काहीतरी बिनसलं आहे.

“लायसन्स काढलं का, एवढंच विचारून राहिले मी,” आई किचनच्या दारातून म्हणाली.

“उद्या शनिवार आहे. जीनबरोबर जातो आणि काढतो.”

“म्हणजे आज नाही. आज ही वस्तू घरात आहे अन् लायसन्स नाही. कपाटात ठेवा ती आत्ताच्या आत्ता.”

“वर्षातून एक दिवस आहे, सुनंदा.”

“एकच दिवस पुरतो. सगळ्यांना विमानात बसवतील.”

आईने येऊन खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि कढईकडे गेली. बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग उठून पडदा पुन्हा उघडला. पूजा उजेडात करायची असते, असं ते माझ्याकडे बघून म्हणाले, जणू मी विचारलं होतं. ऑक्टोबरमधलं तिरपं ऊन आत आलं आणि बंदुकीच्या नळ्यांवर पडलं. बाबांनी दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी हळद-कुंकू वाहिलं. लाकडी दस्त्यावर पकड यावी म्हणून बारीक चौकड्या कोरलेल्या होत्या, त्यांत कुंकू जाऊन बसलं. ते सुखात होते. हे मला मुद्दाम लिहून ठेवायचं आहे, कारण त्यानंतर बाबांना तसं बसलेलं मी पाहिलं नाही.

सायरन वाजला नाही. फक्त गाडीची दारं लागल्याचे दोन आवाज आले आणि मग बेल. दार मीच उघडलं. समोर एक तरुण पोलीस, गालावर तारुण्यपिटिका असलेला, आणि मागे गाडीजवळ दुसरा. फोन कुणी केला ते आम्हाला कधीच कळलं नाही. रस्त्याने कुत्रं फिरवणाऱ्या कुणीतरी खिडकीतून पाहिलं असणार, उघडाबोडका माणूस, समोर बंदूक, पाती, उदबत्तीचा धूर. त्याच्या जागी मी असते तर कदाचित मीही फोन केला असता. हे मला आता समजतं. तेव्हा एवढंच दिसलं की पोलिसाचा उजवा हात कमरेशी आहे आणि तो माझ्याकडे बघत नाही, माझ्या डोक्यावरून आत बघतो आहे.

“हाय देअर. आर युअर पेरेंट्स होम?” त्याने मला विचारलं. आणि मग आत बघत, मोठ्याने, “सर? एनी वेपन्स इन द हाउस?”

आणि बाबांनी ते केलं जे जगात फक्त आमच्यासारख्यांच्या घरातच होऊ शकतं. आमच्याकडे कुणी एखाद्या वस्तूबद्दल विचारलं तर ती त्याच्या हातात द्यायची रीत आहे. नवीन साडी असो, भांडं असो, ‘बघा ना’ म्हणून पुढे करायची. बाबांचा चेहरा उजळला. “येस येस, ऑफिसर! प्लीज कम. आय विल शो यू,” म्हणत ते वळले आणि दोन्ही हात पाटाकडे नेले.

“डोन्ट टच इट! सर! स्टॉप!”

तो आवाज मला अजून ऐकू येतो. गाडीजवळचा दुसरा पोलीस पळत आला. पहिल्याचं पिस्तूल बाहेर निघालेलं होतं, आणि ते माझ्या खांद्याच्या बाजूने बाबांच्या पाठीकडे रोखलेलं होतं. बाबा वाकलेल्या स्थितीत थांबले. त्यांच्या बोटांत आणि बंदुकीत वीतभर अंतर असेल. शाल एका खांद्यावरून घसरायला लागली आणि मला दिसलं की ती सावरायला त्यांचा हात आपोआप हलतो आहे.

“अहो,” आईचा आवाज आला. ती किचनच्या दारात उभी होती, हातात तेल गळणारा झारा. “हलू नका. शाल पडू द्या. बोट हलवू नका.” मराठीतून, अगदी हळू, मला झोपवताना बोलायची तशी. शाल पडली. दुसरा पोलीस तिच्यावर ओरडला, हातातलं खाली टाक म्हणून. झारा फरशीवर आपटला. “रेवा, तू पण हलू नको,” आई म्हणाली. मी हलणार कुठे होते. दाराची मूठ माझ्या हातात तशीच होती.

आणि तेवढ्यात स्मोक अलार्म वाजला.

कढईत सोडलेली कडाकणी जळत होती. अलार्म किंचाळायला लागला तसा समोरचा पोलीस दचकला, त्याचा खांदा उडाला. मी डोळे मिटून घेतले. आता आवाज होणार, एवढंच डोक्यात होतं. आवाज झाला नाही. मी डोळे उघडले तेव्हा जीन त्यांच्या घराकडून आमच्या हिरवळीवरून येत होते, नेहमीसारखे, हातात लाल नळकांडं. पोलिसांची गाडी दिसल्यावर ते थबकले. नळकांडं गवतात ठेवलं, दोन्ही हात खांद्याच्या वर धरले आणि तसेच सावकाश पायऱ्यांपर्यंत आले.

“इट्स जस्ट द फ्राइंग पॅन,” ते पोलिसाला म्हणाले. “अलार्म रोजच वाजतो. अँड दॅट्स माय शॉटगन, सन.”

पोलिसाने मान न वळवता विचारलं, तुमची आहे तर इथे काय करते आहे. जीन म्हणाले, या लोकांचा आज अवजारांना आशीर्वाद द्यायचा दिवस आहे. माझ्या बंदुकीलाही द्या म्हणून मीच मघाशी घेऊन आलो. रिकामी आहे, उघडून बघ. एकही रविवारची प्रार्थना न चुकवणारा तो माणूस इतक्या सरळ चेहऱ्याने खोटं बोलत होता की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. लायसन्स संपल्याचं त्यांना माहीत होतं. उद्या दोघं मिळून जायचं ठरलंच होतं की.

दुसऱ्या पोलिसाने बाबांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. पहिल्याने बंदूक उचलली, मधोमध दुमडून उघडली, दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं. त्याच्या बोटांना कुंकू लागलं. तो दचकून बोटांकडे बघत राहिला आणि मग त्याने ती पँटला पुसली. आईने परवानगी मागून गॅस बंद केला. अलार्म थांबला. त्या शांततेत पोलिसाने बाबांना विचारलं, आता जरा मऊ आवाजात, “इज दॅट राइट, सर? धिस इजन्ट युअर्स?”

बाबा वळले. त्यांनी जीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईकडे. मला वाटलं, हे आता खरं सांगतात. आईलाही तेच वाटलं असणार, कारण तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. आमचं इथलं राहणं, माझी शाळा, तो आत गेलेला अर्ज, सगळं त्या एका उत्तरावर होतं, आणि बाबांना खोटं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

“नो,” बाबा म्हणाले. “नॉट माइन.”

पोलिसांनी जीनचं नाव-पत्ता लिहून घेतला, आम्हाला पडदे ओढायचा सल्ला दिला, मला सॉरी म्हटलं आणि ते गेले. जीनने बंदूक उचलली. बाबांना काहीतरी सांगावं म्हणून ते थांबले, पण बाबा खाली बघत होते. मग ते हिरवळीवरून घरी निघाले, बंदुकीला माळ तशीच, चालताना तिच्या पाकळ्या आमच्या गवतात गळत होत्या. जळलेल्या कडाकण्यांचा वास घरात आठवडाभर राहिला. आई त्या दिवशी रडली नाही, ओरडली नाही, तिने फक्त जमिनीवर पडलेली शाल उचलून बाबांच्या खांद्यावर टाकली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बाबांनी खिडकीचा पडदा लावला. तो पुढे वर्षानुवर्षं लागलेलाच होता. आम्ही तेच घर नंतर विकत घेतलं, सोफे बदलले, भिंती रंगवल्या, पण त्या खिडकीचा पडदा बाबा उघडू द्यायचे नाहीत. खंडेनवमीही घरातून गेली. ताट मात्र जात राहिलं. आईने ते बंद केलं नाही, आणि “कुरकुरीत दिवस कधी?” हा प्रश्नही बंद झाला नाही. मी कॉलेजला गेल्यावर आई स्वतः ताट घेऊन जायची. बाबा कधी गेले नाहीत. कुंपणाशी भेट झाली तर हवापाण्यावर बोलायचे आणि आत यायचे. रविवारचं गवतात हिंडणंही संपलं.

ग्रीन कार्ड आलं त्या आठवड्यात जीन पुन्हा ते चौकड्यांचं ब्लँकेट घेऊन आमच्या दारात आले. आता तर सगळं कायदेशीर आहे, म्हणाले, ही घ्या. दार आईने उघडलं होतं. मी जिन्यात बसले होते आणि बाबा माझ्या मागे, वरच्या पायरीवर. “नो, जीन. थँक यू. नॉट इन माय हाउस,” आई म्हणाली.  त्या पोलिसाचं पिस्तूल तिने माझ्या खांद्याशी पाहिलं होतं, तिला मी दोष देत नाही. जीनने बाबांकडे पाहिलं. बाबांनी नुसती नकारार्थी मान हलवली. “यू बेट,” म्हणजे ‘बरं, ठीक’, असं जीन म्हणाले, आणि मग जाता जाता, “ती खुंटीवर आहे. जागा तुम्हाला माहीत आहे.” बाबा त्यानंतर मला अधूनमधून फोनवर म्हणायचे, “घ्यायला हवी होती गं तेव्हा. दुसऱ्यांदा संधी आली होती, तीही घालवली.” मी म्हणायचे, “बाबा, यार, एक बंदूक आहे ती.” ते म्हणायचे, “हो, तसं काही नाही.” आणि हवामानावर घसरायचे.

जीन नव्वदी ओलांडून नोव्हेंबरात गेले. मार्चमध्ये आईचा फोन आला. त्यांचा मुलगा आला आहे, घरातलं सगळं विकायला काढलं आहे, शनिवारी घर लोकांना उघडं आहे. मग जरा थांबून म्हणाली, “तू येऊन राहिली का? तुझ्या बाबांना मी सांगितलं, जा अन् घेऊन या ती. आता सिटिझन आहोत, कोणाला भ्यायचं. पण एकट्याने जायचा धीर होत नाही त्यांना.” मी तिकीट काढलं.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं त्या हिरवळीवरून चालत गेलो. बर्फ अजून कडेकडेने होतं. घरभर लोक हिंडत होते, जीनच्या बश्या उलट्या करून बघत होते. बाबांनी चांगला शर्ट घातला होता. मुलगा, म्हणजे आता साठीचा गृहस्थ, आम्हाला बघून उठून उभा राहिला. बंदूक म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. वडिलांची सगळी हत्यारं त्याने मागच्याच आठवड्यात एका डीलरला एकगठ्ठा देऊन टाकली होती. घर रिकामं करायची घाई होती. “आय विश आय हॅड नोन,” तो दोनदा म्हणाला. बाबांनीच त्याच्या दंडावर हात ठेवून त्याची समजूत काढली. मग विचारलं, तळघर बघू का.

खुंट्या तशाच होत्या, मोकळ्या. भिंतीवर बंदुकीच्या आकाराचा फिकट पट्टा उमटलेला होता. आणि एका खुंटीला झेंडूची माळ लटकत होती, वाळलेली, पण केशरी रंग अजून ओळखू येणारा. मला वाटलं, ती त्या दिवसाचीच, आमची. मग आईने पुढे होऊन ती हातात घेतली आणि बोटांनी चाचपली. “ही माझी नाही,” ती म्हणाली. “मी दोऱ्यात ओवते. ही बघ.” फुलं मासे धरायच्या गळाच्या नायलॉनमध्ये ओवलेली होती, देठांतून आरपार, ओबडधोबड, मध्ये मध्ये मोठ्या गाठी मारून. खुंट्यांखाली जमिनीवर चुरा पडला होता, त्यात वेगवेगळ्या रंगांच्या पाकळ्या होत्या, काही अगदी काळ्या पडलेल्या, वर्षानुवर्षांच्या. सामान विकायला बसलेली एक बाई जिन्यावरून म्हणाली, तो कचरा आहे, हवा तर फुकट न्या.

आई तिथेच खालच्या पायरीवर बसली. “मी हसायची हो,” ती बाबांना म्हणाली. “दरवर्षी विचारायचे, कधी दिवस, कधी दिवस. मला वाटायचं कडाकण्यांसाठी विचारून राहिले.” आणि ती रडायला लागली. त्या दिवशी न रडलेलं सगळं.

बाबांनी माळ तिच्या हातातून घेतली. 

“मी पोलिसांना सांगितलं, माझी नाही,” ते म्हणाले. “हा मात्र माझीच म्हणून सांभाळत बसला.”

वर आल्यावर बाबांनी जीनच्या मुलाला विचारून ते लाल नळकांडं घेतलं. घरी आलो. त्यांनी ते आमच्या किचनच्या दाराशी ठेवलं, मग पुढच्या खोलीत गेले आणि खिडकीचा पडदा बाजूला सारला. पडद्याच्या कड्या गंजल्या होत्या, दोन-तीन वेळा ओढावं लागलं.